बॅटमॅन: इयर वन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इयर वनबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केलेत. सुरुवातीचे प्रश्न कोणीही बिनधास्त वाचावेत, अजून पुस्तक वाचलं नसेल तरी. मधे एका ठिकाणी ‘इथून पुढे स्पॉयलर’ असं लिहिलंय, त्याच्या खाली शेवटासकट सगळं येतं.

इयर वन म्हणजे नक्की काय? सिरीज आहे का एकच पुस्तक?

आत्ता मिळतं ते एकच पुस्तक, पण मुळात ही गोष्ट डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीच्या नेहमीच्या ‘बॅटमॅन’ मासिकात चार भागांत आली होती, अंक ४०४ ते ४०७, १९८७ साली. लेखन फ्रँक मिलरचं, चित्रं डेव्हिड मॅझुकेलीची, रंग रिचमंड लुईसचे आणि अक्षरं टॉड क्लाईनची. जेमतेम शंभरेक पानांची गोष्ट आहे, एका बैठकीत संपते. ब्रूस वेन, म्हणजे पुढे बॅटमॅन होणारा माणूस, बारा वर्षं बाहेर राहून पंचविसाव्या वर्षी गॉथम शहरात परत येतो आणि त्याच दिवशी जेम्स गॉर्डन नावाचा पोलीस लेफ्टनंट शिकागोहून बदलून तिथे येतो, आणि त्या दोघांचं पहिलं वर्ष एवढीच गोष्ट. परग्रहावरचे लोक नाहीत, शक्तीबिक्ती नाही, जग वाचवायचं नाहीये. एक सडलेलं शहर आहे आणि दोन माणसं.

मी बॅटमॅनचं एकही कॉमिक वाचलेलं नाही, इथून सुरू केलं तर कळेल का?

कळेल, आणि माझ्या मते इथूनच सुरू करावं. लहानपणी आईवडलांचा डोळ्यांदेखत खून झाला एवढं माहीत असलं की पुरे, आणि तेही पुस्तकात येतंच. १९८६ मध्ये डीसीने ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या मोठ्या मालिकेनंतर आपल्या सगळ्या हिरोंचा इतिहास नव्याने मांडायला घेतला होता आणि बॅटमॅनची सुरुवात सांगायचं काम मिलरकडे आलं, त्यामुळे ही गोष्ट लिहिलीच गेली नव्या वाचकाला धरून. मागचं काही वाचायची गरज नाही.

सगळे ग्रेट ग्रेट म्हणतात पण यात व्हिलनच नाहीये! जोकर कुठेय, पेंग्विन कुठेय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. व्हिलन आहे की, पोलीस खातं! कमिशनर गिलियन लोब हा वरून खालपर्यंत विकला गेलेला माणूस, त्याच्या हाताखालचा डिटेक्टिव्ह फ्लास हप्ते खातो आणि रस्त्यात पोरांना उगाच बडवतो, स्वॉट टीमचा (पोलिसांची सशस्त्र तुकडी) प्रमुख ब्रँडन असा आहे की ओलीस धरलेली माणसं वाचली काय, मेली काय, त्याला फरक पडत नाही. आणि या सगळ्यांच्या मागे कार्माइन फाल्कोनी, ज्याला शहर ‘द रोमन’ म्हणतं, ज्याच्याबरोबर मोठमोठे अधिकारी आणि राजकारणी जेवायला बसतात.

रंगीबेरंगी व्हिलन असता तर एक माणूस पकडला की प्रश्न मिटला असता. इथे पकडणार कोणाला? ज्याच्याकडे तक्रार न्यायची तोच त्यात सामील आहे. मुखवटा घातलेल्या माणसाची गरज का पडली याचं खरं उत्तर मला याच पुस्तकात मिळालं, आईवडलांच्या खुनात तेवढं मिळत नाही, कारण खुनाचा बदला घ्यायला एक रात्र पुरते पण अशा शहराशी लढायला पूर्ण आयुष्य जातं. ज्यांना पुस्तक बोअर झालं ते बहुतेक सुपरहिरोची गोष्ट समजून वाचत होते. क्राइम कॉमिक म्हणून परत वाचा, एकदा तरी.

मग हिरो कोण, बॅटमॅन का गॉर्डन?

गॉर्डन. नाव बॅटमॅनचं असलं तरी मी हेच म्हणेन. ब्रूसकडे पैसा आहे, वाडा आहे, घरचा जुना नोकर आल्फ्रेड आहे, आणि मार खाऊन घरी आला तर दुसऱ्या दिवशी नोकरीवर जायचं नाहीये. गॉर्डनला रोज सकाळी त्याच ऑफिसात त्याच लोकांसमोर उभं राहायचंय ज्यांनी आदल्या रात्री त्याला बेसबॉलच्या बॅटने झोडपलंय, घरी गरोदर बायको आहे, पगारावर घर चालतं आणि हे शहर सोडून जायची सोय नाही. बॅटमॅन ठरवून लढायला आलाय, गॉर्डन नोकरी करायला आला आणि लढाई गळ्यात पडली. पानं मोजत बसू नका, पण वाचताना लक्षात येईल की मन गॉर्डनमध्येच जास्त अडकतं.

चौकटींवर तारखा कशाला आहेत आणि दोन वेगवेगळी अक्षरं का?

गोष्ट ४ जानेवारीला सुरू होते आणि ३ डिसेंबरला संपते, प्रत्येक प्रसंगावर तारीख आहे. मधले आठवडेच्या आठवडे गाळून टाकलेत आणि तेच भारी आहे, कारण काय गाळलं ते वाचक मनात भरतो. बदल एका रात्रीत होत नाही हे तारखाच सांगतात, कोणी भाषण देत नाही.

अक्षरांचं म्हणाल तर यात विचारांचे फुगे नाहीत, ब्रूस आणि गॉर्डन दोघंही स्वतःशी बोलतात ते कॅप्शनमध्ये येतं आणि दोघांचं हस्ताक्षर वेगळं ठेवलंय. त्यामुळे चित्रात माणूस दिसायच्या आधीच कळतं कोण बोलतोय. टॉड क्लाईनचं काम कोणी फारसं बोलून दाखवत नाही, पण ही दोन अक्षरं काढून एकच छापील अक्षर घातलं असतं तर अर्धं पुस्तक कोसळलं असतं.

बॅटमॅन यात इतका कच्चा का दाखवलाय? पहिल्याच फेरीत मार खातो!

पहिलं वर्ष आहे ना. पहिल्यांदा तो साध्या कपड्यांत, चेहऱ्यावर खोटा व्रण लावून ईस्ट एंडमध्ये बघायला जातो, एका दलालाशी भांडण होतं, ज्या मुलीसाठी मधे पडला तीच मांडीत सुरा खुपसते आणि वर पोलीस गोळी घालतात. अंगात ताकद आहे, शिक्षण आहे, पण समोरचा घाबरत नाही. रक्त वाहत असताना तो घरी वडलांच्या पुतळ्यासमोर बसतो, घंटा वाजवली तर आल्फ्रेड येईल आणि जीव वाचेल, नाहीतर इथेच संपलं, आणि तेवढ्यात काच फोडून वटवाघूळ आत येतं.

पोशाख घातल्यावरही सुरुवात चुकतच होते. टीव्ही चोरणारी तीन पोरं आगजिन्यावर सापडतात, त्यातला एक घाबरून कठड्यावरून खाली जातो आणि बॅटमॅनचं सगळं लक्ष त्या पोराला पडू न देण्यात, बाकीचे दोघं त्याला मागून धोपटतायत तरी हात सोडत नाही. नंतर स्वतःलाच नवशिका म्हणतो. त्याचा ‘मारायचं नाही’ हा नियम मला सगळ्यात जास्त पटला तो या पानावर, कारण तिथे कोणी नियम बोलून दाखवत नाही.

चित्रं फार साधी वाटतात, स्नायू नाहीत, चमक नाही. मुद्दाम?

हो, पूर्ण मुद्दाम. मॅझुकेली आणि मिलर दोघांनी याच्या आधी मार्व्हल या दुसऱ्या कंपनीसाठी ‘डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन’ केलं होतं आणि तिथपासून मॅझुकेलीची रेघ कमी कमी होत गेली. इयर वनमध्ये जाड काळी सावली, दोन-चार रेघांत पूर्ण चेहरा, आणि शहर असं की खरंच कुठेतरी असावं. त्याचा बॅटमॅन कापड घातलेला माणूस दिसतो, कापडाला चुण्या पडतात. गॉर्डन तर थकलेला, चष्मेवाला, मिशीवाला साधा माणूस. अशा चित्रात गोळी लागली की लागल्यासारखी वाटते. एक करून बघा, गॉर्डनच्या घरातली पानं शब्द न वाचता नुसती बघा, तो आणि बायको एका खोलीत किती लांब उभे आहेत ते मोजा.

कुठली आवृत्ती घ्यावी? रंग वेगळे आहेत म्हणतात.

वेगळे आहेत आणि फरक मोठा आहे. १९८७ च्या मूळ अंकांत मासिकाच्या साध्या कागदाला धरून सपाट रंग होते. मग १९८८ मध्ये पुस्तक निघालं तेव्हा रिचमंड लुईसने स्वतः सगळे रंग नव्याने केले, मळकट, दबलेले, रात्रीच्या दिव्यांचे पिवळे आणि राखाडी. बहुतेक लोकांच्या डोक्यात जे इयर वन आहे ते हेच. २०१२ च्या डिलक्स आवृत्तीवर मॅझुकेलीने उघड नाराजी दाखवली, रंगांवरूनही. नंतरच्या मोठ्या ‘अ‍ॅब्सोल्यूट’ आवृत्तीत मूळ अंकांचं आणि पुस्तकाचं अशी दोन्ही रूपं दिलीत.

पहिल्यांदा वाचत असाल तर लुईसचे पुस्तकातले रंग असलेली कुठलीही जुनी पेपरबॅक घ्या, डोळे झाकून. कागद गुळगुळीत नाही म्हणून कमी समजू नका, या गोष्टीला तोच कागद शोभतो.

घरातल्या लहान मुलाला देऊ का? बॅटमॅन आवडतो त्याला.

नको, थोडं थांबा. रक्तबंबाळ प्रकार कमी आहे पण वेश्याव्यवसाय आहे, त्यात अल्पवयीन मुलगी आहे, पोलिसांची मारहाण आहे, लग्नाबाहेरचं प्रकरण आहे. सोळाच्या आसपास ठीक वाटतं मला. आणि तेव्हा द्याच.

इथून पुढे स्पॉयलर.

गॉर्डनसारखा सरळ माणूस बायकोला फसवतो हे पटतच नाही. मिलरने का केलं असं?

सार्जंट सारा एसनशी त्याचं प्रकरण होतं, बायको बार्बरा गरोदर असताना, आणि पुस्तक त्याला माफ करत नाही. मला हा भाग पुस्तकाचा कणा वाटतो. विचार करा, लोबकडे गॉर्डनला दाबायला काहीच नव्हतं, पैसे खात नाही, मारहाणीने वाकत नाही, ओलीस धरलेल्या मुलांना एकट्याने सोडवल्यामुळे पेपरात हिरो झालेला म्हणून नोकरीवरूनही काढता येत नाही. मग त्याने स्वतःच लोबच्या हातात दोरी दिली. भ्रष्ट व्यवस्थेला आत शिरायला एवढीशी फट पुरते आणि चांगल्या माणसात ती असतेच.

आणि मग गॉर्डन काय करतो ते बघा, लोब धमकी देतो की बायकोला सांगू, तर हा गाडीत बसून स्वतःच बायकोला सांगून टाकतो. तेही वेन मॅन्शनला ब्रूसची चौकशी करून परत येताना. संसार मोडायची भीती पत्करली पण दोरी कापली. पूर्ण पुस्तकात याच्याइतकं धाडसाचं पान नाही, बॅटमॅनचीही सगळी पानं धरून.

लोब आधी बॅटमॅनकडे दुर्लक्ष का करतो आणि मग एकदम बॉम्ब टाकण्यापर्यंत का जातो?

सुरुवातीला बॅटमॅन भुरटे चोर पकडत असतो आणि लोबला ते सोयीचं असतं, लोकांना सुरक्षित वाटलं की ते प्रश्न कमी विचारतात. मग बॅटमॅन त्या बड्या लोकांच्या जेवणात घुसतो, दिवे घालवतो, भिंत फोडून धुरात उभा राहतो आणि सांगतो की तुम्ही गॉथमला खाल्लंत, आता तुमचं जेवण संपत आलं, इथून पुढे तुमच्यापैकी कोणीही सुरक्षित नाही. दुसऱ्या क्षणाला कायदा आठवतो सगळ्यांना! खालच्यांना मारणारा चालतो, वरच्यांना हात लावला की तो गुन्हेगार.

म्हणून मग ज्या पडक्या इमारतीत तो अडकलाय, जिथे बेघर लोक झोपलेत, तिच्यावर हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकला जातो आणि ब्रँडनची टीम आत सोडली जाते. लक्षात ठेवा तो अडकतो का, तर ट्रकखाली येणाऱ्या एका म्हातारीला ढकलून वाचवलं म्हणून, आणि गॉर्डनने ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

गॉर्डनही फ्लासला अंधारात गाठून मारतो, बॅटमॅनही कायदा मोडतो, मग हे लोक वेगळे कसे? पुस्तक कायदा हातात घ्यायचं समर्थन करतं का?

सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि पुस्तक सोपं उत्तर देत नाही. गॉर्डन फ्लासला गाठतो तेव्हा आधी त्याच्याकडे बॅट टाकतो, बरोबरीने लढतो आणि मग बेड्या घालून कपड्यांशिवाय बर्फात सोडून देतो. त्याला पक्कं माहितीये की फ्लास तक्रार करणार नाही, एका माणसाने मारलं असं तो कधी सांगणारच नाही. वाचताना बरं वाटतं, खोटं कशाला बोला. पण त्या क्षणी गॉर्डन त्यांच्याच पद्धतीने वागलाय हेही खरं.

माझं मत विचाराल तर उत्तर शेवटच्या भागात आहे. फ्लास शेवटी मार खाऊन संपत नाही, संपतो तो साक्षीमुळे. स्कीव्हर्स नावाचा ड्रग विकणारा त्याच्याविरुद्ध बोलायला तयार होतो, त्याला घाबरवून तयार केलं बॅटमॅनने हे खरंय, पण पुढचं सगळं काम गॉर्डन आणि सरकारी वकील हार्वी डेंट कागदावर करतात, आणि मग फ्लास स्वतःला वाचवायला लोबविरुद्ध तोंड उघडतो. म्हणजे बॅटमॅन दार फोडतो पण आत जाऊन घर साफ करायला कायद्याचाच माणूस लागतो. बॅटमॅन एकटा असता तर गॉथममध्ये दर आठवड्याला चार दात पडले असते आणि लोब खुर्चीत तसाच राहिला असता.

सेलिना काइलला वेश्याव्यवसायात का दाखवलंय? खटकतं.

बऱ्याच वाचकांना खटकतं आणि टीका रास्त आहे. तिला स्वतःची ओळख हवी म्हणून ती कॅटवुमन होते, पेपरात तिची चोरी बॅटमॅनशी जोडली गेली की चिडते, हे धागे छान आहेत, पण पानं फार कमी मिळाली. तिची आणि होलीची (मांडीत सुरा खुपसणारी तीच मुलगी) जोडी याहून जास्त जागेच्या लायकीची होती. पुस्तकाची सगळ्यात कच्ची बाजू हीच.

पुलाखाली गॉर्डनने ब्रूसला ओळखलं की नाही? खरं सांगा.

आधी प्रसंग. फाल्कोनीचा भाचा गॉर्डनच्या बायको आणि तान्ह्या बाळाला ओलीस धरतो, बाळाला घेऊन पळतो, पाठलाग होतो, पुलावर झटापटीत बाळ खाली पडतं आणि ब्रूस मागोमाग उडी मारून नदीत त्याला झेलतो. दिवसाची वेळ, पोशाख नाही, मुखवटा नाही, चेहरा उघडा. आणि गॉर्डन म्हणतो की चष्म्याशिवाय मला जवळजवळ काहीच दिसत नाही, सायरन ऐकू येतायत, तू निघ.

माझ्या मते ओळखलं. एक तर त्याआधीच तो ब्रूसच्या घरी संशयावरून जाऊन आलाय. दुसरं, दिसत नाही हे न विचारता सांगायची गरज काय? तो ब्रूसला वाट करून देतोय. पण मिलरने दुसरी शक्यताही उघडी ठेवलीये आणि ज्यांना ‘खरंच दिसलं नाही’ असं वाचायचंय त्यांनाही एकही पान खोटं पाडत नाही. पुढच्या बऱ्याच लेखकांनी गॉर्डनला माहीत असावं पण तो कधी बोलत नाही असं धरलंय, ते इथूनच आलं.

बायकोचं नाव बार्बरा, बाळ मुलगा. मग बॅटगर्ल बार्बरा कुठून आली?

इथे लोक हमखास गोंधळतात. इयर वनमध्ये बार्बरा म्हणजे गॉर्डनची बायको आणि बाळ म्हणजे मुलगा, जेम्स. या मांडणीनंतर डीसीने बॅटगर्लला गॉर्डनच्या नात्यातली, नंतर दत्तक घेतलेली मुलगी करून टाकलं. पुढे तेही बदललं. आणि ते बाळ मोठं होऊन काय झालं हे वाचायचं असेल तर स्कॉट स्नायडरचं ‘द ब्लॅक मिरर’ वाचा, पण जपून, ते वाचल्यावर पुलाचं पान पहिल्यासारखं वाचता येत नाही.

‘इयर टू’ हा याचा पुढचा भाग का? लगेच वाचू?

नावाने पुढचा, मनाने नाही. ‘इयर टू’ १९८७ मध्येच ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये आलं, लेखक माइक बार, आणि त्यात बॅटमॅन चक्क बंदूक बाळगतो. आगजिन्यावरचा बॅटमॅन (कच्चा का दाखवलाय, तो प्रश्न बघा) वाचून लगेच हे उघडलं तर दुसराच माणूस भेटल्यासारखं होतं. खरा पुढचा भाग हवा असेल तर शेवटचा प्रश्न बघा.

हे अजून ‘अधिकृत’ आहे का? डीसीने सुरुवात बदलली ना?

बदलली. २०११ च्या ‘न्यू ५२’ नंतर (तेव्हा डीसीने सगळ्या मालिका नव्याने सुरू केल्या) स्नायडर आणि ग्रेग कपुलोने ‘झिरो इयर’मध्ये सुरुवात नव्याने सांगितली, ती जास्त मोठी, जास्त धूमधडाक्याची आहे. पण अधिकृत काय याची काळजी करत वाचू नका. आजही कोणी गॉथमचं पोलीस खातं लिहायला बसलं की हात इयर वनकडेच जातो.

सिनेमा बघितलाय, पुस्तक वाचायची गरज आहे का?

कुठला सिनेमा यावर आहे. २००५ च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये फ्लास, लोब, फाल्कोनी, बुटातल्या यंत्राने वटवाघळं बोलवायचा प्रसंग आणि जोकरची चाहूल देणारा शेवट इथून घेतलाय, पण गोष्ट वेगळी आहे. २०११ चा अ‍ॅनिमेशनपट मात्र जवळपास पानोपानी पुस्तकाबरोबर चालतो आणि ब्रायन क्रॅन्स्टनने गॉर्डनचा आवाज फार जीव ओतून दिलाय. तो बघितला असला तरी पुस्तक वाचा, कारण कॅप्शन ऐकणं आणि त्या हस्ताक्षरात वाचणं यात फरक पडतो. दिग्दर्शक डॅरेन अ‍ॅरोनॉफस्कीही मिलरबरोबर यावर सिनेमा करणार होता, तो झालाच नाही.

संपलं. आता पुढे काय वाचू?

फाल्कोनीचं आणि हार्वी डेंटचं पुढे काय होतं ते हवं असेल तर जेफ लोब आणि टिम सेलचं ‘द लाँग हॅलोवीन’, तेरा भाग, १९९६-९७, आणि मग ‘डार्क व्हिक्टरी’. (कमिशनर लोब आणि लेखक लोब यांचा काही संबंध नाही, हेही बरेच जण विचारतात.) मिलर-मॅझुकेली जोडी आवडली असेल तर वर आलेलं ‘बॉर्न अगेन’ आधी. आणि ज्यांना माझ्यासारखा गॉर्डनच जास्त आवडला त्यांनी एड ब्रूबेकर आणि ग्रेग रुकाचं ‘गॉथम सेंट्रल’ घ्यावं, चाळीस अंक, सगळे पोलीस स्टेशनच्या आतून सांगितलेले, बॅटमॅन त्यात अगदी कमी वेळा दिसतो आणि दिसला की तिथल्या पोलिसांना आनंद होतोच असं नाही.